इच्छामरणाचा कायदा आणि अपंग व्यक्ती

इच्छामरणाचा विषय निघाला की महाराष्ट्रात विनोबा भावे यांचे नाव हमखास येते. पेण तालुक्यातील गागोदे गावी 1895 मध्ये जन्मलेल्या विनोबांनी नोव्हेंबर 1982 मध्ये पवनारच्या आश्रमात आजारपणात अन्न, पाणी व औषध नाकारले आणि 15 तारखेला देह ठेवला. उपचार घ्यावेत म्हणून त्यांची मनधरणी चालली होती. पंतप्रधान इंदिरा गांधीही भेटून गेल्या. डॉक्टर आणि सेवा करणारी माणसे हाताशी असताना दिलेला हा नकार होता, म्हणूनच त्यातील स्वेच्छेबद्दल शंका उरत नाही. ज्याला कूस बदलून द्यायलाही कोणी नाही, त्याची इच्छा तितकीच मोकळी धरता येईल का? इच्छामरणाच्या कायद्यावर अपंगांच्या संघटनांचा आक्षेप नेमका इथे आहे.

भारतातील कायदा घडला तो मात्र ज्यांना आपली इच्छा सांगताच येत नव्हती अशा अरुणा शानबाग यांच्यामुळे. नोव्हेंबर 1973 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या हल्ल्यात या परिचारिकेच्या मेंदूला कायमची इजा झाली. त्यांना भरवणे थांबवावे, अशी याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी केली. केईएमच्या परिचारिकांनी या याचिकेला ठाम विरोध केला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला महिन्याभरातही पाठीला जखमा होतात. या परिचारिकांनी इतक्या वर्षांत त्या होऊ दिल्या नव्हत्या. माशाचा घास दिला की अरुणांचा चेहरा खुलतो, अशीही नोंद झाली. सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी याचिका फेटाळली, पण उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाट खुली केली. अरुणा 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने गेल्या. त्याच न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता मिळाली आणि 2023 मध्ये त्याची प्रक्रिया सोपी झाली. प्राणघातक औषध देण्यास मात्र आजही मनाई आहे, आणि ती मर्यादा मोलाची आहे.

ती ओलांडली की काय होते, ते कॅनडात दिसते. 2016 मध्ये तेथील कायदा मरण जवळ आलेल्यांपुरता होता. 2021 मध्ये ती अट गेली आणि केवळ दीर्घ आजार वा अपंगत्व असलेलेही पात्र ठरले. घर किंवा मदतनीस मिळत नाही म्हणून अर्ज केल्याची उदाहरणे त्यानंतर पुढे आली.

आपल्याकडे मरण मागायला लावणारा असा दबाव कागदावर येत नाही, घरात असतो. रोह्याच्या डोंगराकडील वाडीतून अर्धांगवायू झालेल्या माणसाला अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात न्यायचे तर गाडी ठरवावी लागते आणि सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो. ‘माझं ओझं कुणावर नको’ हे वाक्य अशा घरांत तयार होते. उपचार थांबवण्यास मंजुरी देणारी वैद्यकीय मंडळे आजार बरा होण्याजोगा आहे का, हे तपासतात. या वाक्यामागे दुखणे किती आणि बुडालेला रोज किती, हे तपासणे त्यांच्या कामात येत नाही. अशा घरांना आधार ठरू शकणारे संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान 2023 मध्ये दरमहा 1000 वरून 1500 रुपये झाले. दिवसभर सांभाळणारा माणूस त्या पैशांतही मिळत नव्हता.