आधी मित्र ओळखावा



आवडलेली कादंबरी संपली की आपल्याला पहिल्यांदा मित्र आठवतो. हे त्यानं वाचायलाच हवं, असं वाटतं. वाटू द्यावं. पण पुस्तक देण्याआधी मित्र ओळखावा.

लातूरला शिकवणीसाठी आलेलं, दिवसभर भौतिकशास्त्राशी झगडणारं एखादं पोर असेल. त्याला जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ द्यावी. तेच विज्ञान गोष्टीत भेटलं की ते पोर खुलेल. ज्याला सूत्रांचा कंटाळा आहे, त्याच्यासाठी नाथमाधवांची ‘वीरधवल’ आहे. अद्भुताचं वेड असणाऱ्याला ती सोडवणार नाही. म्हणून म्हणतो, आधी मित्र ओळखावा.

नारळीकरांचीच एक गोष्ट. 1974 मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. पण नाव घातलं नारायण विनायक जगताप. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण नावाचं दडपण परीक्षकांवर नको, ही त्यांची काळजी. कथा तिच्या गुणांवर बक्षीस घेऊन आली.

आपणही मित्रावर दडपण आणू नये. ‘थोर लेखक आहे, वाच,’ असं म्हणू नये. ‘मला यातला वामन आवडला,’ एवढं सांगावं. रोज ‘झालं का वाचून?’ असा तगादा लावू नये. नांदेडच्या गाडीत बसल्यावर तो उघडेल पुस्तक. नाही उघडलं, तरी रागावू नये. त्याच्या आवडीचं एखादं मागून घ्यावं, आणि आपण वाचायला बसावं.