उसना गडी

आमच्या कवठे महांकाळकडे पाण्याचा दुष्काळ जुना. कबड्डीचा मात्र कधी पडला नाही. सुगी साधो न साधो, जत्रेला मैदान आखले जातेच. मी शाळामास्तर. खेळाडू म्हणून मला कुणी कधी खिजगणतीत धरले नाही. परंतु मास्तर म्हणजे शहाणा माणूस असा गावाचा एक समज असतो, आणि त्या समजापायी काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने एक प्रश्न माझ्यापुढे आणून टाकला.

आमची पोरे चणीने लहान. पण दोघे हातात हात गुंफून साखळी धरीत, तेव्हा भलाभला चढाईवाला मध्यरेषेकडे तोंड फिरवी. उणीव एकच. आडदांड गडी अंगावर आला की साखळी तुटे. कुणीतरी म्हणाले, "मास्तर, जत्रेपुरता बाहेरचा एक दांडगा गडी पैसे देऊन आणू. डाव्या कोपऱ्यात उभा करू." डाव्या कोपऱ्यात तेव्हा माझ्याच वर्गातला एक पोरगा खेळत असे. मी म्हणालो, "आणा."

हाच व्यवहार मोठ्या शहरांत कोटींनी होतो. पुणेरी पलटणने 2023 च्या लिलावात इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईसाठी 2 कोटी 35 लाख रुपये मोजले. त्याच हंगामात, 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला, पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून प्रो कबड्डीचे पहिले अजिंक्यपद मिळवले. शादलुई हंगामातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. मग प्रश्न मिटलाच की, असे वाचक म्हणतील. पण 2022 साली याच पलटणमध्ये फजल अत्राचली हा 1 कोटी 38 लाखांचा इराणी गडी होता, आणि तरी अंतिम सामना जयपूरने नेला. शिवाय हैदराबादला पारडे झुकवले ते पंकज मोहितेच्या एका चढाईने. तीत त्याने चार गुण आणले.

मग दांडगा गडी करतो काय? आमच्या जत्रेत ते मी पाहिले. त्याने फार पकडी केल्याच नाहीत. त्याच्या धाकाने चढाईवाला डाव्या अंगाला फिरकेना. सारा भार उजवीकडे, आमच्या लहान पोरांवर आला. ती पोरे तरबेज होती म्हणून निभावले. कच्ची असती तर त्या धाकाचा काडीचा उपयोग नव्हता. म्हणजे ताकदीचा गडी कसबी संघालाच फळतो. कसब नसलेल्याला तो नुसता महाग पडतो. हे माझे मत आजही कायम आहे.

आम्ही जिंकलो. गुलाल उधळला. तो गडी आपले पैसे घेऊन रात्रीच्याच जीपने गेला. त्याला दोष कसा द्यावा? शादलुईसुद्धा पुढच्या लिलावात हरियाणाकडे गेला आणि डिसेंबर 2024 मध्ये हरियाणा जिंकली. पोटाचा धंदा आहे तो.

पण मी "आणा" म्हणालो तेव्हा संघ म्हणजे नेमके कोण, हे मी स्वतःला विचारलेच नव्हते. माझ्या वर्गातला तो पोरगा त्या रात्री रेषेबाहेर बसून सर्वांच्या चपला राखत होता. रुसला नाही, बोलला नाही. पुढे सरावाला येईनासा झाला, इतकेच.

पुढच्या जत्रेला तोच दांडगा गडी शेजारच्या गावाने आणला. आमचा डावा कोपरा रिकामा. सामन्याच्या आदल्या दिवशी तो पोरगा मला रस्त्यात भेटला. बेदाण्याच्या शेडवरून येत होता. हात चिकट, अंगाला औषधाचा वास.

"मास्तर," तो म्हणाला, "त्याला उजव्या पायावर उशिरा वळता येतं. तिकडून चढाई करायला सांगा पोरांना. मी सगळा वेळ बघत होतो ना."

"तूच ये की खेळायला," हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण ते म्हणायला मला तोंड राहिले नव्हते. मी नुसता "बरं" म्हणालो, आणि तो घराकडे वळला.