रोहिणीचे पाणी आणि महासत्तांचा समेट



एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. दोन बलाढ्य शत्रू केवळ एकमेकांच्या धाकाने शस्त्र आवरतात, तेव्हा त्याला शांती म्हणावे काय? मैत्री तर ती नव्हेच. मग धम्माच्या दृष्टीने तिचे मोल किती?

तुम्ही म्हणाल, गुरुजी, अमेरिका आणि रशिया यांच्या राजकारणाशी आपल्या विहाराचा काय संबंध? संबंध आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा परमपूज्य बाबासाहेबांनी मान्य केली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला कसे पटावे? 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी गृहत्यागाचे कारण दिले ते पाण्याच्या तंट्याचे. रोहिणी नदी शाक्य आणि कोलिय यांच्या सीमेवरून वाहत होती. पाणी आधी कोणी घ्यावे यावरून मारामारी झाली आणि शाक्यांच्या सेनापतीने संघापुढे युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थ उभा राहिला. आगळीक आपल्या लोकांचीही आहे, असे त्याने भर सभेत सांगितले. दोन माणसे आपण निवडावीत, दोन कोलियांनी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्या पाचांनी तंटा मिटवावा, अशी सूचना त्याने मांडली. बहुमताने ती फेटाळली गेली. मग सिद्धार्थाला घर सोडावे लागले. म्हणजे शत्रूशी बोलणी करावीत की नाही, हा प्रश्न आपल्या धम्माच्या उंबरठ्यावरच उभा आहे.

आता विसाव्या शतकातील रोहिणीकडे या. १९६२ च्या ऑक्टोबरात सोव्हिएत रशियाने क्यूबा या छोट्या बेटावर अण्वस्त्रे वाहणारी क्षेपणास्त्रे आणून ठेवली आहेत, असे अमेरिकेला आढळले. अमेरिकेने आपल्या आरमाराने बेटाला वेढा दिला. तेरा दिवस जग श्वास रोखून होते. रशियाचे नेते ख्रुश्चेव्ह यांनी केनेडींना पत्र लिहिले, त्याचा आशय असा की, युद्धाची गाठ मारलेल्या दोराची दोन टोके आपण दोघे ओढतो आहोत. जितके ओढू तितकी गाठ आवळेल आणि मग ती सोडवणे बांधणाऱ्यालाही जमणार नाही. शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या माणसाची ही भाषा आहे. अखेर रशियाने क्षेपणास्त्रे परत नेली. क्यूबावर चढाई करणार नाही, असे वचन अमेरिकेने दिले, आणि तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे गुपचूप कबूल केले. गुपचूप का? तर लोकांपुढे माघार दिसू नये म्हणून! जगाचा जीव टांगणीला लागलेला असतानाही मानापमान सुटत नाही तो असा.

याच दिवसांतली एक हकीगत बऱ्याच वर्षांनी बाहेर आली. २७ ऑक्टोबरला समुद्रात अडकलेल्या एका रशियन पाणबुडीचा कप्तान अणुबाँबचा टॉर्पेडो सोडण्याच्या बेतात होता. वासिली आर्खिपोव्ह नावाच्या अधिकाऱ्याने त्याला थोपवले. एका माणसाने डोके शांत ठेवले म्हणून पुढे काय वाचले, याचा हिशेब कोण करणार?

त्यानंतर दोघांना शहाणपण सुचले. संकटात एकमेकांचा निरोप पोहोचायला कित्येक तास लागत होते. म्हणून १९६३ च्या जूनमध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट तार जोडण्याचा करार झाला. लोक तिला टेलिफोन समजतात. प्रत्यक्षात तो टेलिप्रिंटर होता. त्याच ऑगस्टमध्ये हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात अणुस्फोट न करण्याचा करार झाला. पुढे १९७२ साली मॉस्कोत निक्सन आणि ब्रेझनेव्ह यांनी शस्त्रमर्यादेच्या करारांवर सह्या केल्या. ताण सैल करण्याच्या या पर्वाला फ्रेंच शब्दावरून 'देतांत' म्हणू लागले. आपल्याकडे त्याला 'तणावशैथिल्य' म्हणतात.

१९७२ च्या करारांपैकी एक विचार करण्यासारखा आहे. शत्रूची क्षेपणास्त्रे वाटेतच पाडणारी यंत्रणा दोघांनीही अगदी मर्यादित ठेवायची, असे त्यात ठरले. म्हणजे स्वतःचा बचाव करायचा नाही! कारण एकाला बचावाची खात्री वाटली, तर तोच आधी वार करील. दोन वैऱ्यांनी आपापली लेकरे एकमेकांच्या दारात ओलीस ठेवावीत, तसा हा प्रकार. हिशेब पक्का होता. परंतु ओलीस ठेवलेल्या लेकरांना कोणी विचारले होते काय?

मग हे शील आहे काय? तथागतांनी चेतनेला कर्म म्हटले आहे. फौजदाराच्या भीतीने चोरी न करणारा माणूस शीलवान ठरत नाही, हे आपल्या घरातल्या मुलालाही कळते. हा आक्षेप मला मान्य आहे. तरी दुसरी बाजू पाहा. आपण शील घेताना 'वेरमणी' म्हणतो. वेरमणी म्हणजे विरत होणे, हात आवरणे. पहिले शील शत्रूवर प्रेम करायला सांगून सुरू होत नाही, ते आधी हात आवरायला सांगते. मैत्रीची भावना मागाहून, कष्टाने वाढवायची असते. मेलेल्या माणसाला ती वाढवता येत नाही. भीतीने आवरलेला हात शील नव्हे, पण शील उपजायला तो अवधी देतो. एवढ्यासाठी मी त्या तहांना तुच्छ मानणार नाही.

आणि तो अवधी फुकट गेला नाही. १९७९ च्या डिसेंबरात रशियाने अफगाणिस्तानात फौजा घुसवल्या आणि सैल झालेला दोर पुन्हा ताणला गेला. तरीही ८ डिसेंबर १९८७ रोजी रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे मोडून टाकण्याचा करार केला. १९९१ च्या मध्यापर्यंत दोघांनी मिळून २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट केली. विशेष म्हणजे एकाचे तपासनीस दुसऱ्याच्या कारखान्याच्या दाराशी वर्षानुवर्षे जाऊन बसले. रशियात वोटकिन्स्क येथे अमेरिकन, अमेरिकेत युटा राज्यातल्या मॅग्ना येथे रशियन. धम्माचा एक गुण 'एहिपस्सिको' असा सांगितला आहे. या आणि स्वतः पाहा. शत्रूच्या शब्दावर आंधळी श्रद्धा नको आणि आंधळा संशयही नको. १९६२ मधल्या नुसत्या धाकापेक्षा ही निश्चितच वरची पायरी होती. पुढे माणसे पायरी उतरलीही. बचावयंत्रणेचा करार अमेरिकेने २००२ साली सोडला, १९८७ चा करार २०१९ साली मोडला, आणि २०१० साली झालेल्या शेवटच्या मोठ्या कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती. १९८० नंतरच्या दशकात जगात सत्तर हजारांच्या आसपास अण्वस्त्रे होती, ती आता सुमारे बारा हजारांवर आली आहेत. मात्र तेवढीही पुरून उरतील.

इथपर्यंत मी समेटाची बाजू मांडली. आता तिची काळी बाजू ऐका. थोरामोठ्यांचा समेट होतो तेव्हा किंमत कोण मोजतो? १९७१ साली अमेरिकेला चीनशी सूत जमवायचे होते. त्या बोलण्यांचा मार्ग पाकिस्तानातून जात होता. जुलैमध्ये किसिंजर इस्लामाबादहून गुपचूप पेकिंगला गेले. त्याच महिन्यांत पूर्व बंगालमध्ये पाकिस्तानी लष्कराची कत्तल चालू होती आणि सुमारे एक कोट निर्वासित भारतात येत होते. डाक्क्यातील अमेरिकन वकिलातीतल्या अधिकाऱ्यांनीच आपल्या सरकारच्या मौनाचा लेखी निषेध केला. तो बाजूला सारला गेला. चीनशी तणाव सैल झाला. बंगाल्यांच्या गळ्याचा फास नाही.

बाबासाहेबांना हे कोडे ठाऊक होते असे मला वाटते. त्यांच्या ग्रंथात रोहिणीची कथा सिद्धार्थाच्या गृहत्यागाने संपत नाही. तो राजगृहात असताना पाच परिव्राजक येऊन सांगतात की, लोकांनी युद्धाविरुद्ध चळवळ केली, शाक्य-कोलियांचा समेट झाला, आता तू घरी चल. खरे तर त्याचेच म्हणणे विजयी झाले होते. पण तो परतला नाही. त्याने विचार केला की, युद्ध हा एका मोठ्या प्रश्नाचा केवळ भाग आहे. राष्ट्राराष्ट्रांतला कलह अधूनमधून होतो, वर्गावर्गांतला कलह मात्र अखंड चालू असतो आणि जगाच्या दुःखाचे मूळ तिथे आहे.

पाण्याचा तंटा आपल्यालाही नवा नाही. पण १९२७ चे महाडचे चवदार तळे आणि रोहिणी यांत फरक आहे. शाक्य आणि कोलिय दोघेही शस्त्रधारी होते, दोघेही पाणी पीतच होते. महाडात एका बाजूला पाण्याला शिवण्याचीच बंदी होती. केनेडी आणि ख्रुश्चेव्ह दोघेही काहीतरी मागे घेऊ शकत होते, म्हणून तह झाला. ज्याच्या हातात मागे घेण्यासारखे काहीच नाही, त्याला 'तणाव कमी करा' म्हणून सांगणे म्हणजे काय? आपल्या वस्तीवर हल्ला झाला की शांतता समिती बसते. चहा येतो. दोन्ही बाजूंनी सामोपचाराने घ्यावे असे सांगितले जाते. आणि सामोपचार म्हणजे आपल्या माणसाने तक्रार मागे घ्यावी, एवढेच त्यात असते.

मी बोलणीच करू नका असे म्हणत नाही. जो बोलणी फेटाळतो तो शाक्यांच्या सेनापतीच्या बाजूला जातो. पण निक्सन-ब्रेझनेव्ह यांनी एकमेकांना जे विचारले, ते आपणही विचारावे. समोरचा काय खाली ठेवतो आहे? त्याने शब्द पाळला की नाही हे कोण तपासणार? आणि ठरले ते कागदावर कुठे आहे? कागदाला कमी लेखू नका. १९७५ साली हेलसिंकी येथे पस्तीस राष्ट्रांनी सह्या केलेल्या मसुद्यात मानवी हक्कांची कलमे होती. रशियन सत्ताधाऱ्यांना ती शोभेची वाटली असतील. पण पुढच्याच वर्षी मॉस्कोतल्या मूठभर माणसांनी तोच कागद हातात घेऊन त्यांना जाब विचारला. तुरुंगात गेले, पण कागद सोडला नाही. आपल्यापाशी संविधान आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. उद्या तडजोडीचा मसुदा तुमच्यापुढे आला, तर तिथेच अंगठा किंवा सही करू नका. तो घरी आणा, बायामाणसांसह सर्वांसमोर मोठ्याने वाचून घ्या, आणि समोरच्या बाजूच्या सहीसाठी खाली जागा सोडली आहे का, तेही पाहा.