धूर आणि कटोरा



आजच्या वाचनात गीतेच्या अठराव्या अध्यायातला ४८ वा श्लोक आला. वाट्याला आलेलं काम सदोष असलं तरी सोडू नये. विस्तवासोबत धूर, तसा प्रत्येक कामासोबत दोष असतोच, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. हा श्लोक मी पूर्वी फार सोयीने वाचायचो. काम बिघडलं की म्हणायचं, चालायचंच, धूर असतोच.

घरामागच्या टपरीत माझा छोटा लेथ आहे. दोन वर्षांपूर्वी आमगावच्या वहिनींना सत्यनारायणाच्या प्रसादासाठी सागवानाचा कटोरा कातून दिला. लाकूड पुरतं वाळलं नव्हतं, हे मला माहीत होतं. काठापासून खाली केसाएवढी चीर दिसली. तीत भुसा नि सरस भरला, वरून पॉलिश. "छान झाला भाऊजी," वहिनी म्हणाल्या. मी नुसता हसलो. पण आपल्या गोंदियाचा मे महिना कोणाला सोडतो? लाकूड आकसलं, चीर उघडली, शिऱ्याचं तूप पाटावर गळलं. वहिनी काही बोलल्या नाहीत. दादाकडून कळलं.

या दिवाळीत तो कटोरा मागून आणला. चीर भरायला आपल्याकडे लाख आहे, पळसावरची, कुसुमावरची. पण पुतण्याने शेंदरी रंगाची पॉलिमर क्ले आणून दिली. ही नावाची माती, बरं का. खरं तर पीव्हीसी प्लास्टिकचा मऊ गोळा. ओव्हनमध्ये साधारण १३० अंशाला भाजला की कडक होतो.

जुनं पॉलिश उतरवलं, सरस खरवडून काढला. पण केसाएवढ्या फटीत क्ले बसत नाही. आधी पटाशीने ती चीर रुंद करायची, आतून थोडी जास्त कोरायची, म्हणजे भरलेलं सुटून येत नाही. इथे माझा हात थांबला. जी दोन वर्षं लपवली, ती आता स्वतःच्या हाताने मोठी करायची! अर्धा तास तसाच बसलो. मग कोरली.

क्ले दाबून भरली, भाजली. ओव्हनच्या उष्णतेने लाकूड आणखी सुकलं आणि एका बाजूला बारीक फट राहिली. तिथे पातळ गोंदाचा थेंब सोडला. पुन्हा लेथवर चढवून हलक्या हाताने कातला, पॉलिश पेपर मारला. चीर आता पळसफुलाच्या रंगाची रेघ झाली. लांबूनही दिसते. भगवंतांनी धूर असतो म्हटलंय हो, धूर लपवा असं कुठे म्हटलंय?

परवा आमगावला गेलो. म्हटलं, "वहिनी, देतानाच याला चीर होती. मला दिसली होती."

त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. "मग आता यात शिरा ठेवायचा का?"

"नाही. ही क्ले खाण्याच्या भांड्याला चालत नाही. फुलं ठेवा."

"बरं. अन् प्रसादाचा कधी देता?"

सागाचा नवा ठोकळा मागच्या खोलीत वाळतोय. दर रविवारी वजन करतो. वजन उतरायचं थांबलं की लेथवर घ्यायचा. अजून उतरतंय.