तुटल्या दात्याचा अपराध

ज्याच्यावर संकट कोसळते त्याच्या हातून पूर्वी काही ना काही घडलेले असलेच पाहिजे, ही समजूत आपल्या समाजात इतकी खोल रुजली आहे की, एखाद्या घरी अकाली मृत्यू झाला असता समाचाराला आलेली माणसेही ‘भोग कोणाला चुकलेत’ असे सहज बोलून जातात, आणि त्या शोकाकुल कुटुंबावर आपण कोणताही पुरावा न पाहता एक आरोप ठेवला, याची त्यांना जाणीवही नसते. दुःख हे कार्य आणि दोष हे त्याचे कारण. कार्य समोर दिसते आहे, तेव्हा कारण घडलेच असणार. अशी ही विचारसरणी आहे. ती कितपत निर्दोष आहे याचा ऊहापोह आपल्या दर्शनग्रंथांत पुष्कळ झाला आहे. परंतु तिची विलक्षण स्वच्छ कसोटी मला एका अशा ठिकाणी लागलेली दिसते की, जेथे धर्मचर्चेच्या हेतूने कोणी जात नाही. ते ठिकाण म्हणजे महाशक्तिमान रेडिओ-नियंत्रित ट्रक ज्यावर उघडून दुरुस्त केले जातात ते टेबल.

खेळण्यातली गाडी म्हटल्यावर किल्ली देऊन ओसरीवर सोडलेली पत्र्याची मोटार ज्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहते, त्यांनी ते चित्र बाजूस ठेवावे. टेक्सासमधील ट्रॅक्सस कंपनीचा एक्स-मॅक्स घ्या किंवा त्याच्या जातकुळीचा दुसरा एखादा ट्रक घ्या. वजन आठ-नऊ किलो, चाके हातात मावणार नाहीत एवढी, आणि पोटात लिथियम-पॉलिमर बॅटरीचे आठ सेल. प्रत्येक सेल पूर्ण भरला असता ४.२ व्होल्ट देतो, म्हणजे एकूण दाब ३३.६ व्होल्टचा, आणि दर व्होल्टमागे १,२०० फेरे घेणारी ब्रशलेस मोटर त्याला जोडली की, भार नसताना ती मिनिटाला चाळीस हजार फेऱ्यांच्या घरात जाते. ही शक्ती मोटरच्या दांड्यावरील चिमुकल्या पिनियनमधून मोठ्या स्पर गिअरला मिळते, तेथून शाफ्टच्या द्वारे पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलमध्ये जाते, तेथे दुसरे एक पिनियन क्राउन गिअरला फिरवून तिची दिशा काटकोनात वळवते, आणि अखेर आसातून चाकाच्या तुंब्यापर्यंत येऊन एका बारीकशा पोलादी पिनेच्या आधाराने चाक फिरवते. जमिनीवर एवढी ओढ निर्माण करणाऱ्या या साऱ्या साखळीत बोटाच्या पेराहून जाड असा भाग क्वचितच सापडेल.

आता असा ट्रक उंचवट्यावरून उडी घेतो. हवेत चाकांना जमिनीचा विरोध उरत नाही. चालकाचे बोट थ्रॉटलवर तसेच दाबलेले राहिले तर चाके क्षणार्धात परम वेगाला पोचतात, टायर फुगून आकाराने वाढतात, आणि मग जमीन लागते. ट्रकची गती एक आणि चाकांच्या कडेची गती तिच्याहून कितीतरी अधिक, असा जो विसंवाद त्या क्षणी असतो तो निमिषमात्रात मिटावा लागतो. आणि मोटरच्या फिरत्या गाभ्यात साठलेल्या ऊर्जेला, जी फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, बाहेर पडायला दात्यांखेरीज दुसरी वाट नसते. कोठे तरी काही तरी तुटते. मोटर आक्रोश करीत फिरते आणि ट्रक जागचा हलत नाही. एवढीच काय ती फिर्याद. तहकीकात येथून सुरू होते.

मोटर फिरते आणि गाडी चालत नाही, हे कार्य एकच असले तरी त्याची कारणे अनेक असू शकतात. पिनियन दांड्यावर घट्ट धरणारा ग्रब स्क्रू ढिला झाला असेल; स्परचे दाते उडाले असतील; क्लच घसरत असेल; एखाद्या शाफ्टची पिन निसटली असेल; क्राउन गिअर साफ झाला असेल. नैयायिकांपुढे हाच प्रश्न नदीच्या रूपाने आला होता. पूर आलेला पाहून वर कोठे तरी पाऊस झाला असावा असे आपण अनुमान करतो. पण खाली कोणी बांध घालून पाणी अडवले असले तरीही नदी फुगतेच, मग कार्यावरून कारण ठरवणे प्रमाण कसे मानावे, असा पूर्वपक्ष न्यायसूत्रांतच मांडलेला आहे. त्याला भाष्यकार वात्स्यायनाने दिलेले उत्तर मला सर्वस्वी एखाद्या निष्णात कारागिराला शोभणारे वाटते. केवळ पाणी चढले एवढ्यावरून पावसाचे अनुमान कोणी करीतच नाही, असे तो म्हणतो. प्रवाहाचा वाढलेला वेग, त्यावरचा पुष्कळसा फेस, वाहत येणारी फळे, पाने आणि लाकडे, या विशेषांनी युक्त असा पूर पाहूनच ते अनुमान होते. म्हणजे अनुमान चुकले असेल तर दोष अनुमानाचा नाही, अपुऱ्या निरीक्षणाचा आहे.

टेबलावर या विशेषांचीच झडती घेतली जाते. स्परचे लागोपाठचे दोन-चार दाते मुळापासून उडाले असतील तर तेथे खडा शिरला किंवा फिरते चाक एकाएकी रोखले गेले; सर्वच दात्यांची टोके सारखी गोल झाली असतील तर पिनियन आणि स्पर यांची पकड पहिल्यापासून सैल होती. ज्याला हे वाचता येते त्याच्या दृष्टीने तुटलेला दाता हा आरोपी राहत नाही, तो साक्षीदार ठरतो. आणि त्याला फेकून देऊन नवा बसवण्याची घाई करणारा मनुष्य आपल्याच मुकदम्यातील मुख्य जबानी नष्ट करीत असतो.

क्राउन गिअरचा प्रकार याहूनही बोधक आहे. डिफरन्शियलचे झाकण उघडावे तो आत ग्रीसऐवजी करड्या रंगाचा लगदा निघतो, चिमटीत धरून चोळला की त्यातला पोलादाचा चुरा बोटांना टोचतो, आणि क्राउनचे दाते एका कडेने खाल्ले गेलेले दिसतात. गिअर तुटला, नवा गिअर बसवला, आणि थोड्याच फेऱ्यांत तोही तसाच गेला, ही तक्रार या छंदात पडलेल्या प्रत्येकाच्या परिचयाची आहे. जो थांबून शेजारची बेअरिंग बाहेर काढतो आणि दोन बोटांत धरून सावकाश फिरवतो, त्याला तिची खरखर लागते. तिच्या गोळ्या झिजलेल्या असतात, त्यामुळे क्राउन गिअर आपल्या जागेवरून केसभर सरकत होता, दाते पूर्ण खोलीने एकमेकांत बसत नव्हते, आणि जो भार सबंध दात्याने घ्यावयाचा तो त्याच्या टोकाने घेतला होता. कित्येकदा बेअरिंगही शाबूत असते आणि तिच्यामागे बसवावयाची कागदाएवढी पातळ चकती कोणीतरी जोडणी करताना विसरलेली असते. दोष एका ठिकाणी, भंग दुसऱ्या ठिकाणी, आणि भंगलेला भाग तर सर्वांत प्रामाणिकपणे भार सोसणारा!

मधोमध तिसरा डिफरन्शियल असलेल्या ट्रकांत तर न्यायाची याहून मोठी उलथापालथ होते. डिफरन्शियलचा स्वभावच असा की, ज्या बाजूला विरोध कमी तिकडे तो फेरे देतो. पुढचा क्राउन गिअर निकामी झाला की पुढचा शाफ्ट मोकाट फिरू लागतो, मधल्या डिफरन्शियलमधून सगळी गती तिकडे वाहून जाते, आणि मागची बाजू दाते, आस, पिना या सर्व अंगांनी धडधाकट असतानाही निश्चल उभी राहते. नवशिका मागची चाके हलत नाहीत म्हणून मागचा भाग उघडतो, आणि तेथे त्याला काहीच सापडत नाही. जाणता मनुष्य ट्रक उचलून ठेवतो, स्पर बोटांनी घट्ट धरतो आणि पुढची दोन्ही चाके एकाच दिशेने फिरवतो; साखळी अभंग असेल तर मागची दोन्ही चाके उलट दिशेला फिरलीच पाहिजेत. ती फिरत नसतील तर कोणता शाफ्ट थांबला आणि कोठे टकटक असा आवाज येतो ते पाहत, जे जे निर्दोष ठरेल ते ते वगळत तो पुढे सरकतो. वगळता वगळता जे उरेल त्याचे ज्ञान, हाही अनुमानाचा एक मार्ग म्हणून वात्स्यायनाने नोंदवलेला आहे.

क्लचविषयी एवढेच सांगतो की, आघात आला असता घसरणे हाच त्याचा धर्म आहे. एक्स-मॅक्समध्ये त्याच कामासाठी स्परच्या पोटात रबरी गादीची तरतूद केलेली आहे. घसरणाऱ्या क्लचला दुर्बल समजून जो त्याचा नट करकचून आवळतो, तो पुढच्या उडीचा संपूर्ण धक्का डिफरन्शियलच्या माथी मारतो.

हे सर्व पाहत असता चरकसंहितेतील विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायाचे मला वारंवार स्मरण होते. देशच्या देश उद्ध्वस्त करणाऱ्या साथींचा विचार तेथे चालू आहे, आणि त्या ओघात शिष्य अग्निवेश आपला गुरू आत्रेय याला विचारतो की, आयुष्याचे मान ठरलेले असते किंवा नसते; अकाली मृत्यू अशी काही वस्तू आहे किंवा नाही. आत्रेयाने उत्तरादाखल जो दृष्टान्त दिला आहे तो गाडीच्या आसाचा आहे. उत्तम गुणांनी युक्त असा आस योग्य रीतीने वाहिला गेला तर झिजत झिजत आपल्या काळी संपतो. परंतु तोच आस अतिभाराने, विषम वाटेने, वाट सोडून हाकल्याने, चाक मोडल्याने, वाहणाऱ्या पशूच्या किंवा हाकणाऱ्याच्या दोषाने, खीळ निसटल्याने, वंगण न मिळाल्याने अथवा गाडी उलथल्याने मध्येच नाश पावतो. दोन हजार वर्षांच्या आसपास जुना असलेला हा ग्रंथ टेबलाशी ठेवून मी एक-एक बाब ताडून पाहतो, तेव्हा एकही निरुपयोगी ठरत नाही: अतिभार म्हणजे आठ सेलांचा दाब, विषम वाट म्हणजे उडीनंतरची जमीन, हाकणाऱ्याचा दोष म्हणजे थ्रॉटलवर राहिलेले बोट, निसटलेली खीळ म्हणजे तुंब्यातली पिन, आणि न मिळालेले वंगण म्हणजे कोरडी पडलेली बेअरिंग. या यादीत आसाचा स्वतःचा अपराध कोठेही नाही, ही गोष्ट माझ्या मते वैद्यकाइतकीच नीतिशास्त्राच्याही दृष्टीने महत्त्वाची आहे. चरक दैव नाकारीत नाही. पूर्वकर्म आणि या जन्मीचा पुरुषार्थ या दोहोंच्या बलाबलावर तो आयुष्य अवलंबून ठेवतो, आणि सर्वच आयुष्य नियत असते तर बिथरलेल्या हत्तीच्या वाटेतून बाजूला होण्याचे तरी कारण काय, असा रोखठोक प्रश्न टाकतो.

बुद्धवचनांतही याच प्रश्नाची जोखून केलेली एक तपासणी आहे. सीवक नावाचा परिव्राजक येऊन विचारतो की, मनुष्य जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, असे म्हणणारे काही श्रमण-ब्राह्मण आहेत, त्यांविषयी आपले मत काय. संयुत्तनिकायात आलेल्या उत्तरात बुद्ध पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतूतील पालट, विषम वर्तन, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे गणतो. आणि सर्व काही पूर्वकर्मावर लोटणारे लोक स्वतःच्या अनुभवाचेही आणि जगात जे सत्य म्हणून मान्य आहे त्याचेही उल्लंघन करतात, असे सांगतो. कर्मविपाकाला त्या यादीत स्थान आहे, पण आठांतील एक म्हणून. पहिली सात न तपासता आठव्याचा निर्णय देणाऱ्याला त्या उत्तराचा आधार मिळत नाही.

यावर श्रद्धावंताचे एक प्रबळ प्रत्युत्तर आहे, आणि ते टाळून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. तो म्हणेल की, बेअरिंग झिजली म्हणून गिअर तुटला हे कबूल. पण नेमकी याच ट्रकच्या वाट्याला ती सदोष बेअरिंग का आली, नेमक्या याच घरातील मुलाला तो ताप का आला, याचे उत्तर अदृष्टावाचून, म्हणजे पूर्वकर्माच्या न दिसणाऱ्या संचितावाचून, कसे द्याल? ही व्याकुळता खरी आहे, तिची अवहेलना कोणी करू नये. परंतु ज्या न्यायशास्त्राने अदृष्टाला कारणांत गणले, त्यानेच त्याची जागाही ठरवून दिली आहे. ईश्वर, काळ, दिशा यांच्या पंक्तीत अदृष्ट हे साधारण कारण आहे, म्हणजे जे जे काही उत्पन्न होते त्या सर्वांना ते सारखेच लागू आहे. आणि जे सर्वांना लागू आहे त्याच्या बळावर एका कार्याला दुसऱ्यापासून वेगळे पाडता येत नाही. फुटलेल्या बेअरिंगच्या मागे अदृष्ट होते, तसेच त्याच डबीतून निघून आजही निर्वेध फिरणाऱ्या तिच्या जोडीदारणीच्या मागेही होते. एक का गेली आणि दुसरी का राहिली हे ठरवण्यासाठी असाधारण कारणाकडेच यावे लागते: एकीत वाळू शिरली होती की काय, एकीमागची चकती राहिली होती की काय. आजारी मुलाच्या बाबतीतही विहिरीचे पाणी, डासांचे डबके, उशिरा आलेले औषध यांची चौकशी याच न्यायाने आधी करावी लागते. आणि ती पुरी होऊनही उत्तर हाती लागले नाही, तर त्या दप्तरावर ‘कारण अनिर्णित’ एवढाच शेरा मारण्याचा अधिकार आपल्याला उरतो, त्या मुलाच्या किंवा त्याच्या आईच्या नावावर एखादा पूर्वजन्मीचा गुन्हा दाखल करण्याचा उरत नाही.