जड बंदुकीचा मोह

आमच्या निवासातील कपाटात, मिस्साच्या जुन्या वस्त्रांच्या गाठोड्याखाली, गेल्या पावसाळ्यापासून एक बंदूक ठेवलेली आहे. वाचकांनी दचकू नये. ती दारूची नव्हे, हवेची आहे. खेड्यात जिला छर्‍याची बंदूक म्हणतात आणि राजूरच्या जत्रेत जिने फुगे फोडतात, तिच्याच कुळातली; मात्र त्या कुळातील थोरली. नळी मध्यावर मोडून भरावयाची, पोलादाची आणि लाकडाची. प्लास्टिक तिच्या अंगाला कोठे लागलेले नाही. वजन साडेतीन किलोंच्या आसपास. चौदा वर्षांच्या मुलाने ती खांद्याला लावून धरावी आणि दोन मिनिटांत त्याचे हात थरथरावेत, अशी.

ती आमच्याकडे आली ती एका मातेच्या हातून. तिचे सासरे जालन्याच्या मोंढ्यात एका गोदामावर रखवालदार होते. धान्याच्या पोत्यांवर उतरणारी कबुतरे आणि पोती कुरतडणाऱ्या घुशी यांचा बंदोबस्त हे त्यांचे काम, आणि त्या कामासाठी शेठजींनी दिलेली ही बंदूक त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी शेठजींनी त्यांनाच देऊन टाकली. म्हातारबाबांनी शेत ठेवले नाही, घर ठेवले ते पत्र्याचे; परंतु ही वस्तू दर रविवारी मिस्साहून आल्यावर तेल-चिंधी घेऊन पुसली. ते गेल्यावर ती थोरल्या नातवाकडे आली. एका दुपारी नातवाने कडुनिंबावरच्या साळुंकीवर नेम धरला. पत्र्यावर आपटून परतलेला छर्रा धाकट्या भावाच्या भुवईत शिरला. डोळा एका बोटाच्या अंतराने वाचला.

“फादर, ही ब्याद तुमच्यापाशी ठेवा, नाहीतर विहिरीत टाका,” असे म्हणून ती माउली बंदूक आमच्या टेबलावर ठेवून निघून गेली. आम्ही ती विहिरीत टाकली नाही. का टाकली नाही, हाच या लेखाचा विषय आहे, आणि त्याचे उत्तर आम्हांस पुरते सापडलेले नाही, हे आरंभीच सांगून टाकतो.

त्या रात्री, सायंप्रार्थना आटोपल्यावर, आम्ही दार लावून घेतले आणि बंदूक मांडीवर घेतली. नळी खाली ओढली. आतील कमान दाबली जात असताना हाताला जो संथ, घट्ट विरोध होतो आणि शेवटी जो ‘खट्’ असा आवाज येतो, तो चाळीस वर्षांनंतर आम्ही ओळखला. मनमाडला रेल्वेत असलेल्या आमच्या मामांकडे अशीच एक बंदूक होती. ऑस्ट्रेलियाला कायमच्या निघालेल्या एका अँग्लो-इंडियन गार्डाने जाता जाता ती विकली होती. दोन्हींच्या पोलादावर एकच छाप: आपले धनुष्यबाण टाकून देऊन हातात बंदूक उंचावणारी डायना, रोमन लोकांची मृगयादेवता. जर्मनीतील रास्टाट गावच्या, १८९० साली स्थापन झालेल्या कारखान्याची ती खूण. ग्रीक लोक याच देवतेला आर्टेमिस म्हणत, आणि तिच्या चांदीच्या देव्हाऱ्यांचा धंदा बुडेल म्हणून इफिससच्या सोनारांनी संत पौलाविरुद्ध दंगल माजविली होती. ती बाई आता एका कॅथलिक धर्मगुरूच्या कपाटात, वस्त्रांच्या खाली पडून आहे. संत पौलाला हे रुचले असते की नाही, देव जाणे.

आता या वस्तूचा मोह कशात आहे ते पाहू. आज बाजारात याहून हलक्या, याहून वेगवान हवेच्या बंदुका मिळतात. तरीही जुन्या पद्धतीची, मोडत्या नळीची जड बंदूक माणसे जपतात आणि नातवंडांना देतात. एक कारण सरळ आहे: ती दुरुस्त होते. तिच्यात एक कमान, एक दट्ट्या आणि दट्ट्याच्या तोंडाशी चामड्याचा वॉशर आहे. आपल्या आयांच्या पितळी स्टोव्हच्या पंपात होता तसाच, फक्त मोठा. जी वस्तू उघडून पाहता येते, जिचे दुखणे हाताला कळते, तिच्यावर माणसाचा जीव जडतो.

दुसरे कारण जरा खोल आहे. चाप ओढला की कमान सुटते, दट्ट्या पुढे धावतो, त्याच्यापुढची हवा क्षणार्धात दाबली जाऊन तापते आणि डमरूच्या आकाराचा शिशाचा छर्रा नळीतून निघतो. परंतु दट्ट्या पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे सरकते, आणि दट्ट्या टोकाशी थांबतो तेव्हा ती पुढे झेपावते. असे दोन धक्के, आणि छर्रा अजून नळीच्या बाहेर पडलेला नसतो. म्हणून येथे वजन उपयोगी पडते. जड बंदूक कमी हलते. आणि म्हणूनच या बंदुकीला करकचून आवळणारा हमखास चुकतो. तिला हलक्या हाताने, प्रत्येक वेळी अगदी तशीच धरावी लागते, आणि तिला जेवढे हलायचे असेल तेवढे हलू द्यावे लागते. मामा म्हणत, “हिला कवटाळायचं नाही, टेकू द्यायचा.” नवसाधनेच्या वर्षात आमच्या आध्यात्मिक गुरूंनी प्रार्थनेविषयी जे सांगितले ते ऐकताना आम्हांस मामांचा आवाज ऐकू आला होता. हे त्यांना सांगण्याचे धैर्य मात्र झाले नाही.

एका छर्‍यासाठी एकदा पूर्ण कष्ट. नळी मोडा, छर्रा घाला, नळी मिटवा, श्वास सोडा, थांबा. घाईला येथे जागाच नाही. संयम, एकाग्रता, स्थैर्य: आम्ही मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवू पाहतो ते गुण ही वस्तू निमूटपणे शिकवीत असते. येथवर सारे ठीक. अडचण पुढे आहे.

आम्ही दहा वर्षांचे असताना मामांच्या बंदुकीने एक होला मारला. रेल्वेच्या तारेवर तो बसला होता. आजवर अनेक उपदेशांतून आम्ही या प्रसंगाचा उल्लेख केला आणि दर वेळी ‘आमचे मन कळवळले’ असे सांगितले. ते खरे नव्हते. खरे असे, की प्रथम आनंद झाला. निखळ आणि मोठा आनंद. डोळा, हात, श्वास आणि दूरचा तो ठिपका हे सारे एका रेषेत आले होते आणि जगात दुसरे काहीही उरले नव्हते. कळवळा नंतर आला. मामींनी तो होला आमच्या ओंजळीत ठेवला आणि तो अजून ऊन होता तेव्हा. तो कळवळा आपसूक आला की मामींच्या चेहऱ्याकडे पाहून आला, याची खात्री आम्हांस आजही देता येणार नाही.

येथे एका थोर माणसाची आठवण होते. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली (१८९६–१९८७) हे मुंबईच्या खेतवाडीत वाढलेले पोरके मूल. त्यांच्याही हाती लहानपणी हवेची बंदूक आली. तबेल्याजवळच्या भिंतीतील एका घरट्यापाशी बसलेला चिमणीचा नर त्यांनी टिपला; मादीने दुसरा नर जोडला, तोही टिपला. सात दिवसांत असे आठ नर. मुलाने हे सारे वहीत टिपून ठेवले. पुढे १९०८ च्या सुमारास त्यांनी एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर हळदीच्या डागासारखा पिवळा ठिपका होता. हे खाणे आपल्या धर्मात चालते का, अशी शंका त्या मुलास आली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनाही पक्षी ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे पाठविले. साहेबांनी पीतकंठी चिमणी ओळखली आणि भुसा भरलेल्या पक्ष्यांनी गच्च भरलेले कप्पे त्या मुलापुढे एकामागून एक उघडले. पुढचे आयुष्य तेथेच ठरले. १९३१-३२ मध्ये निजामाच्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी त्यांनीच केली. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. १९८५ साली आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ असे आहे. चिमणीचे भुईवर पडणेदेखील पित्याच्या नकळत घडत नाही, असे प्रभू येशूने सांगितले. ते शब्द आपल्या वाचकांस ठाऊक आहेत. ते नाव पाहून ते आठवल्यावाचून राहत नाहीत.

ही कथा सांगून काही मंडळी बंदुकीची सुटका करतात: पाहा, त्या एका छर्‍यातून केवढा पक्षिमित्र निघाला! आम्हांस हे पटत नाही. त्या काळी मुंबईत अशा बंदुका आणखी कितीतरी मुलांपाशी असतील. त्यांतून सलीम अली एकच निघाले. चिमणी मारणे शुभ ठरले असे नव्हे. चिमणी पडल्यावर त्या मुलाने खाली वाकून तिच्याकडे पाहिले आणि ‘हे मला चालते का?’ असे विचारले, तेथे सारे वळण आहे. प्रश्न साधा जेवणातला, धर्माच्या नियमाचा. परंतु त्या प्रश्नाने नेम धरताना मिटलेला डोळा उघडला.

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस शिकलो. ते म्हणतात, कला म्हणजे वस्तू घडविण्यातील योग्य विवेक आणि शहाणपण म्हणजे वागण्यातील योग्य विवेक. उत्तम कारागीर चांगला माणूस असेलच असे नाही. हा भेद आमच्या कामी आला. रास्टाटच्या कारागिरांनी आपले काम चोख केले; त्यांच्या चोखपणावर प्रेम करणे हे पाप नव्हे. प्राण्यांविषयी मात्र संत थॉमस आम्हांस अपुरे वाटतात. त्यांच्या मते मुक्या जिवांशी क्रूरपणे वागू नये ते मुख्यतः अशासाठी, की त्यातून माणसांशी क्रूरपणे वागण्याची सवय लागते. पण आमच्या धर्मग्रामातील त्या मुलाच्या ठायी क्रौर्य नव्हतेच. भावावर त्याचा जीव आहे. तो क्रूर झाला नाही. तो एकाग्र झाला. एक डोळा मिटला, साळुंकी तेवढी उरली, आणि पत्र्याशेजारी उभा असलेला भाऊ जगातून नाहीसा झाला. ज्या गुणाची आम्ही वर एवढी स्तुती केली, त्यानेच हे केले. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेस सोडून आहे असे सांगितले आहे. त्यातला ‘विनाकारण’ हा शब्द आम्ही अनेकदा घोळवतो. नेम साधल्याचा आनंद हे कारण होते काय?

(जाता जाता: १९१७ च्या धर्मसंहितेच्या १३८ व्या कलमाने धर्मगुरूंना शिकारीच्या नादी लागू नये आणि गाजावाजाची शिकार तर कधीच करू नये, अशी ताकीद दिली होती. म्हणजे हा मोह आमच्या पूर्वसूरींनाही चांगलाच परिचयाचा असणार. १९८३ च्या संहितेत शिकारीचे नाव नाही. मोह संपला म्हणून ते गाळले असे समजू नये.)

शेतकरी बांधव म्हणतील, फादर, कणसात दाणा भरला की पाखरांचे थवे उतरतात, रात्री रोही उभे पीक तुडवितात. तुमचे तत्त्वज्ञान आमच्या माळ्यावर येऊन सांगा. त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु आपल्या आजोबांच्या हाती गोफण होती आणि गोफणीचा गुंडा पाखरू उडविण्यासाठी असे, टिपण्यासाठी क्वचितच. उडविणे आणि टिपणे यांत फरक आहे. शिवाय १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनंतर होला, तितर, लावा यांची शिकार हा सरळ गुन्हा आहे. ४.५ मिलिमीटरच्या, कमी ताकदीच्या हवेच्या बंदुकीस परवाना लागत नाही, एवढ्यावरून ती कोणावरही झाडता येते असे नव्हे.

मुलाची बाजूही आहे, आणि ती तो चांगली मांडतो. अंजली भागवत, सुमा शिरूर ही नावे त्याला पाठ आहेत. २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने सुवर्णपदक मिळविले ते हवेच्याच बंदुकीने, हे तो आम्हांस दोनदा सांगून गेला. कागदाच्या लक्ष्याला रक्त नसते. यावर आम्हांपाशी फारसे उत्तर नाही. एवढेच विचारले, “अरे, साळुंकी कागदाची होती का?” तो गप्प झाला. मग म्हणाला, “फादर, आजोबा गेले तेव्हापासून तिला तेल नाही.”

तेव्हापासून तो दर रविवारी मिस्सानंतर येतो. आम्ही कपाट उघडतो, तो व्हरांड्यात बसून बंदूक पुसतो. छर्रे आमच्या मेजाच्या कुलुपात आहेत. काही आठवड्यांपासून धाकटाही येऊ लागला आहे. भुवईवरचा व्रण आता पांढरा पडला आहे. तो खांबाला टेकून दूर बसतो आणि भावाच्या हातांकडे पाहत राहतो. त्यांच्या आईने हे पाहिले आहे. ती काही बोलली नाही. फक्त धाकट्याला हाक मारून आपल्या बाजूला बसविले.

आतील चामडे सुकून तडकले आहे, त्यामुळे नळी ओढली तर कमान दाबली जाते पण छर्रा जेमतेम दहा पावले जाईल, असे मुलाचे म्हणणे. गेल्या रविवारी त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. जालन्याच्या बाजारातील एका मोच्याकडून जाड चामड्याचा नवा वॉशर कापून आणला होता, रात्रभर तेलात भिजवलेला. बसवू का, असे त्याने विचारले. आम्ही आईकडे पाहिले. ती धाकट्याच्या शर्टाची गुंडी लावीत होती. “पुढच्या रविवारी पाहू,” असे आम्ही म्हणालो. पुडी आमच्या मेजावर आहे, आणि तिच्याखालच्या कागदावर तेलाचा गोल डाग पसरत चालला आहे.