उघड्या दाराची गढी

नैऋत्य फ्रान्समधील दोर्दोन्य विभागात सें-मिशेल-द-मोंतेन्य नावाचे एक खेडे आहे. तेथील लहानशी गढी मिशेल द मोंतेन्य (१५३३-१५९२) ह्या विचारवंताची. त्याच्या पणजोबांनी, बोर्दोच्या एका व्यापाऱ्याने, १४७७ साली ही जहागीर विकत घेतली आणि पुढे त्याच्या वडिलांनी वास्तू वाढवून तटबंदी मजबूत केली. १८८५ च्या आगीत मुख्य वाडा जळाला व नंतर तो पुन्हा बांधण्यात आला. मात्र कोपऱ्यावरचा गोल बुरूज वाचला. ह्या बुरुजाच्या तळाशी प्रार्थनामंदिर आहे, त्यावर शयनगृह आणि सर्वांत वर ग्रंथालय. शयनगृहातून खाली एक पोकळी काढलेली आहे. आजारी धन्याला अंथरुणावरूनच मिस्सा ऐकता यावा, ही त्यामागची योजना. ग्रंथालयाच्या तुळयांवर बायबलमधील व प्राचीन ग्रंथकारांची वचने लिहिलेली आहेत.

१५६२ ते १५९८ ह्या काळात फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एकमेकांचे रक्त सांडत होते. शेजारपाजारचे जमीनदार आपापल्या घरांवर पहारे बसवीत होते. मोंतेन्यने मात्र पहारा ठेवला नाही. जुन्या रिवाजाचा एक द्वारपाल तेवढा होता, तोही पाहुण्यांचे सन्मानाने स्वागत करण्यासाठी. पहारा हल्ल्याला आमंत्रण देतो आणि निःशस्त्र घर लुटण्यात शूराला लाज वाटते, असे त्याचे म्हणणे. एकदा एका शेजाऱ्याने शत्रू पाठीशी लागल्याचा बहाणा करून आपले पंचवीस-तीस सैनिक घरात आणले. घरधन्याने सर्वांना निःशंकपणे आत घेतले. त्याचा मोकळा चेहरा पाहून तो शेजारी डाव अर्धवट टाकून निघून गेला. १५८४ साली तेव्हा प्रॉटेस्टंट असलेला नावारचा राजा हेन्री ह्याच घरी उतरला आणि धन्याच्या बिछान्यावर झोपला.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. हा विश्वास म्हणावा की अविचार? दारामागे त्याची पत्नी आणि मुलगी होती, नोकरचाकर होते. स्वतःचा जीव पणाला लावण्याचा हक्क माणसाला असेल. पण दुसऱ्याचा जीव? ज्यांच्यावर इतरांच्या जीविताची जबाबदारी आहे त्यांच्यासाठी संरक्षण हा केवळ हक्क नसून गंभीर कर्तव्यही ठरू शकते, असे ख्रिस्तसभेची १९९२ ची धर्मशिक्षणपुस्तिका सांगते. शिवाय प्रत्येक शेजारी लाजून परत जाईलच, असे कोणी सांगावे?

तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोंतेन्यने तटाच्या भिंती पाडल्या नव्हत्या, द्वारपालही काढून टाकला नव्हता. त्याने नाकारली ती येणाऱ्या प्रत्येकाला आधी शत्रू समजण्याची सवय. भिंत हा शहाणपणाचा भाग झाला, तर दार हा प्रीतीचा. भिंतीचीही मर्यादा त्याला पुढे कळली. १५८६ साली त्या भागात युद्धापाठोपाठ प्लेग आला, तेव्हा कुटुंबाला घेऊन त्याला घर सोडावे लागले आणि सहा महिने आसऱ्यासाठी फिरावे लागले. दार उघडे ठेवणारा माणूस तेव्हा दुसऱ्यांच्या दारात उभा होता, आणि रोगाच्या भीतीने ती दारे सहज उघडत नव्हती.

आपण घराला कडी लावतो, यात पाप नाही. लेकरांच्या रक्षणासाठी ती लावलीच पाहिजे. पण बाहेर कोणी उभे आहे, हे कळल्यावर आपला हात कडीकडे कशासाठी जातो, ती घट्ट करण्यासाठी की काढण्यासाठी, ह्याची परीक्षा प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने आपल्या विवेकापुढे करावी. कारण उंबऱ्यावर येणाऱ्या अनोळखी माणसाच्या रूपाने प्रभू स्वतः येत असतो, अशी आपली श्रद्धा आहे.